बीकॉम झालोय, गाड्यांचं काम शिकायचंय. कोर्स करू, आयटीआय करू का सरळ गॅरेजला उभा राहू?

आधी तू काय विचारलंयस ते माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलो नाहीये ना ते कळेल. वय २३, बीकॉम, चिंचवडला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम, पगार १८ हजार. बाबांची जुनी वॅगनआर आहे, तिचा एअर फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड तू घरीच व्हिडिओ बघून बदललेस आणि तेव्हापासून डोक्यात हेच आहे. एका ठिकाणी तीन महिन्यांचा डायग्नोसिसचा, म्हणजे बिघाड शोधायचा कोर्स आहे, फी ६० हजार, स्कॅनर (गाडीच्या काँप्युटरला जोडून त्याने नोंदवलेला बिघाड वाचायचं यंत्र) चालवायला शिकवतात, शेवटी सर्टिफिकेट. तर तो करू, का आयटीआयला जाऊ, का गॅरेजला उभा राहू, आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर या धंद्यात काही उरणारे का. शेवटी जाता जाता वॅगनआरच्या आवाजाचं विचारलंयस, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

कोर्सचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पण मला वाटतं तुला खरं विचारायचंय ते असं की पगाराची नोकरी सोडली तर किती दिवसांनी या कामावर माझं पोट भरेल. यातलं अर्धं तुझ्या घरावर अवलंबून आहे, घरात अजून कोण कमावतं, हप्ते आहेत का, वर्ष-दीड वर्ष कमी पैशात निघेल का, हे तू लिहिलेलं नाहीस आणि मी इथे बसून ओळखू शकत नाही. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलतो.

माझं थोडक्यात. १९९९ ला दहावी झाल्यावर शंकरशेठ रोडच्या बाजूला एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, आठवड्याला दीडशे रुपये. नंतर औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक केलं, परत गॅरेज, मधे काही वर्षं एका सर्व्हिस सेंटरला, आणि २००९ पासून धायरीला स्वतःचं गॅरेज, दोन लिफ्ट, चार पोरं. म्हणजे तू विचारतोयस ते तिन्ही रस्ते मी थोडे थोडे चाललोय आणि तिन्हीकडे वेळ वाया पण घालवलाय.

लोकांना वाटतं मेकॅनिक म्हणजे खोलणारा आणि जोडणारा. ते काम आहेच, पण ते हाताला येतं रे, बरा उस्ताद असेल तर वर्ष-दोन वर्षांत क्लच प्लेट, लोअर आर्म, ब्रेक, सगळं करायला लागशील. ज्याला वेळ लागतो ते म्हणजे गाडी समोर आल्यावर हात न लावता आधी ठरवणं की बिघाड नक्की कुठं आहे, आणि ते सिद्ध झाल्याशिवाय पार्ट न बदलणं. एक उदाहरण देतो. मागच्या पावसाळ्यात वारज्याहून एक हॅचबॅक आली. सकाळी सेल्फ मारला की रड रड करत फिरणार, कधी चालू होणार कधी नाही. गिऱ्हाईकाने आधीच एका ठिकाणी नवीन बॅटरी टाकली होती, दुसऱ्या ठिकाणी सेल्फ मोटर रिपेअर करून घेतली होती, आठ हजार गेले होते आणि गाडी जशीच्या तशी. मी मीटर घेतला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग मीटरची एक पिन इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि पोराला म्हटलं सेल्फ मार. मीटरने १.३ व्होल्ट दाखवले. तिथे फार तर ०.२-०.३ दिसायला पाहिजेत, कारण दोन्हीकडे एकच अर्थिंग आहे. जवळजवळ सव्वा व्होल्ट मधेच कुठेतरी खाल्ला जात होता. खाली गेलो तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आतून कुजलेली, हिरवी भुकटी. पट्टी अडीचशेची, मजुरी चारशे. दहा मिनिटांचं काम.

आता यात अवघड काय होतं? पाना फिरवायला तर काहीच नाही. अवघड होतं ते एवढंच की आधीच्या दोघांनी 'सेल्फ स्लो आहे म्हणजे बॅटरी' आणि 'बॅटरी नवीन आहे म्हणजे सेल्फ मोटर' असा अंदाज लावला, मोजलं कोणीच नाही. त्यांच्याकडे मीटर नव्हता असं मी म्हणणार नाही, हल्ली सगळ्यांकडे असतो, ड्रॉवरमधे.

म्हणूनच त्या तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल मी जरा साशंक आहे. स्कॅनर वाईट नाहीये, माझ्याकडे दोन आहेत, त्यांच्याशिवाय आजची गाडी बघताच येणार नाही. पण स्कॅनर काय सांगतो ते नीट समजून घे. माझ्याकडचाच एक पोरगा, चांगला आहे, चलाख आहे, एका गाडीला चेक इंजिनचा दिवा लागला होता, त्याने कोड वाचला, पी ०१७१, मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. खाली ऑक्सिजन सेन्सरचं नाव दिसलं म्हणून त्याने सेन्सर मागवला, बसवला, दिवा घालवला, गाडी दिली. चार दिवसांत परत. मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे लावले, गाडी उभी असताना काँप्युटर पेट्रोल जवळजवळ २० टक्के वाढवून देत होता, अडीच हजार आरपीएमवर नेली की तेच ५-६ टक्क्यांवर यायचं. म्हणजे कुठूनतरी मोजमाप चुकवून हवा आत येतीये, जी उभ्या गाडीला जाणवते आणि रेस केल्यावर एकूण हवेत बुडून जाते. थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या हवेच्या मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर होती. सेन्सर बिचारा खरं बोलत होता, त्यालाच काढून फेकला! आणि हे गणित सुद्धा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं, जिथे नुसता प्रेशर सेन्सर असतो तिथे अशा गळतीची लक्षणं वेगळी दिसतात, म्हणजे समोरची गाडी हवा कशी मोजते हे माहीत नसेल तर तो २० चा आकडा बघून पण तुला काही कळणार नाही. कोड म्हणजे काँप्युटरने केलेली तक्रार आहे, कुठला पार्ट मेला त्याचा दाखला नव्हे.

ज्याला इंजिन, इग्निशन, इंधन, वायरिंग हे आधी समजलंय त्याला स्कॅनर चालवायला दोन आठवडे पुरतात. ज्याला ते समजलेलं नाही त्याला तीन महिने शिकवून पार्ट बदलणारा माणूस तयार होतो. तो कोर्स तू अजून दोन वर्षांनी कर, तेव्हा तुझे प्रश्न घेऊन जाशील आणि पैसे वसूल करून येशील. आत्ता नको.

आता आयटीआय. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. दहावीवर प्रवेश, वयाची वरची अट नाही त्यामुळे २३ व्या वर्षी पण जाता येतं, सरकारी आयटीआयची फी तुझ्या त्या कोर्सच्या मानाने अगदीच कमी. प्रवेश ऑनलाइन होतात, दहावीच्या निकालानंतर, त्या तारखा चुकवू नकोस नाहीतर वर्ष गेलं. तिथे काय मिळतं? फिटिंगचं काम, फाइल मारणं, मोजमाप, व्हर्नियर, मायक्रोमीटर, इंजिन टेबलवर ठेवून एकेक भाग सुटा करणं. पोरं फाइल मारायला कंटाळतात, मी पण कंटाळायचो, पण सरळ पृष्ठभाग म्हणजे काय हे त्या फाइलनेच हाताला कळतं आणि पुढे हेड गॅस्केट बदलताना हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, पट्टी ठेवून वाकलंय का बघायची सवय तिथूनच येते. काय मिळत नाही? खरी, चिडलेल्या गिऱ्हाईकाची, संध्याकाळी सहाला परत द्यायची गाडी मिळत नाही. आयटीआयचा दुसरा मोठा फायदा म्हणजे नंतर शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत लागता येतं, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने त्याला स्टायपेंड द्यावाच लागतो, आणि पिंपरी, आकुर्डी, चाकण, रांजणगाव एवढ्या कंपन्या आजूबाजूला असताना पुण्याच्या पोराने तो मार्ग सोडू नये. फक्त एक लक्षात ठेव, कंपनीच्या लाइनवर तू गाडी बनवायला शिकशील, बिघडलेली दुरुस्त करायला नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर. स्वच्छ, युनिफॉर्म, पीएफ, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळायचा पाना) भिंतीवर टांगलेला, सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघता येतं, ट्रेनिंगला पाठवतात. शिस्त तिथे लागते. पण मी जिथे होतो तिथे दीड वर्ष मला फक्त पिरिऑडिक सर्व्हिस दिली, ऑइल, फिल्टर, ब्रेक साफ, पुढची गाडी. दिवसाला गाड्यांचा आकडा गाठायचा असतो, त्यात सुपरवायझर कुणाला 'का' विचारायला वेळ देणार? सगळीकडे तसंच असेल असं नाही, काही ठिकाणी चांगला वर्क्स मॅनेजर भेटतो आणि पोरगं तीन वर्षांत तयार होतं. हे नशिबावर आहे.

आणि गल्लीतलं गॅरेज. पगार कमी, मी नवीन पोराला १२ हजार देतो, आजूबाजूला यापेक्षा कमी देणारे पण आहेत. पहिले तीन महिने पार्ट धुणं, पाना देणं, ऑइल काढणं. पण एका दिवसात सीएनजीची मिसिंग, डिझेलचा धूर, एसीचा गॅस, गिअर न पडणं असं सगळं डोळ्यासमोरून जातं. शिकायला यासारखं ठिकाण नाही, जर उस्ताद बरा असेल तर. आणि हा 'जर' खूप मोठा आहे, म्हणून उस्ताद कसा ओळखायचा ते सांगतो, यावर तुझी पुढची पाच वर्षं ठरतील.

गॅरेजात गाडी दाखवायच्या निमित्ताने जा आणि अर्धा तास नुसता बाजूला उभा राहा. एकट्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली पोरगा झोपलेला दिसला तर तिथूनच परत फीर, उस्तादाचा हात कितीही चांगला असो. जॅकचा सील कधी जाईल सांगता येत नाही, स्टँड लावायला एक मिनिट लागतं, ते एक मिनिट ज्याला जड वाटतं त्याच्याकडे शिकू नकोस. मग बघ, खोललेले बोल्ट कुठे ठेवतात, एकाच डब्यात सगळे का वेगवेगळे. जुना पार्ट गिऱ्हाईकाला दाखवतात का. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने आवळतात का न्यूमॅटिक गनने घर्र करून सोडून देतात. आणि पोराने काही विचारलं तर उस्ताद काय बोलतो. माझा उस्ताद शिव्या भरपूर द्यायचा, पण शिवी देऊन झाली की उत्तर द्यायचा, चहा पिताना जमिनीवर खडूने सर्किट काढून दाखवायचा. शिव्या चालतील. 'तुला काय करायचंय, सांगितलं तेवढं कर' असं म्हणणारा चालणार नाही.

माझी पहिली मोठी चूक पण सांगतोच. मारुती झेन होती, इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं. प्लग बदलायला दिले, मी घाईत गोटी पान्यात प्लग धरून सरळ रॅचेट मारला, तिरका शिरला, जड लागला तर मी अजून जोर लावला. हेडचे आटे गेले. स्टीलचा प्लग आणि ॲल्युमिनियमचं हेड, जिंकणार कोण? हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलं, बुश बसवून नवीन आटे काढले, आणि ते पैसे दोन महिने माझ्या आठवड्यातून कापले गेले. तेव्हापासून कुठलाही बोल्ट, कुठलाही प्लग, पहिले तीन-चार आटे हाताने, पान्याशिवाय. हाताने जात नसेल तर काहीतरी चुकतंय, थांबायचं. माझ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. दुसरं म्हणजे पुठ्ठा. टायमिंग कव्हर किंवा गिअरबॉक्स खोलताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचायचा, कारण तिथे लांबीत पाच मिलीमीटरचा फरक असलेले बोल्ट असतात आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की आत काहीतरी फुटतं. मोबाइलने फोटो काढ, पण पुठ्ठा पण ठेव. फोटोत लांबी दिसत नाही.

थांबायला शिकणं हा या कामातला सगळ्यात महाग धडा आहे. २०१९ च्या सप्टेंबरमधे आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर, पद्मावती त्या बाजूने टो करून गाड्या येत होत्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर गाडीला हात लावला नाही त्यांच्या गाड्या साफसफाई, ऑइल, फिल्टर, वायरिंग वाळवणं यात निघाल्या, खर्च झाला पण इंजिन वाचलं. ज्यांनी 'बघू तरी चालू होते का' म्हणून सेल्फ मारला त्यातल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले. सिलिंडरमधे हवा दबते, पाणी दबत नाही, पिस्टन वर येतो आणि त्याला जागाच नसते. त्या वेळी गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, शेजारचा सांगत होता मार रे एकदा, आणि आम्ही आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवत होतो, भोकातून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या. पोरांना त्या दोन दिवसांत जे कळलं ते मी वर्षभर बोलून कळलं नसतं.

आता इलेक्ट्रिक गाड्यांचं. तुझी भीती मला नवीन नाही. मी लागलो तेव्हा कार्ब्युरेटरचा जमाना संपत आला होता आणि एमपीएफआय, म्हणजे काँप्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी सिस्टीम, येत होती. माझा उस्ताद कार्ब्युरेटर कानाने ट्यून करायचा, अख्ख्या पेठेतून लोक यायचे. तेव्हाचे कितीतरी चांगले मेकॅनिक म्हणाले, काँप्युटरवाली गाडी आपल्याला नको, आणि पाच-सात वर्षांत त्यांच्याकडे गाड्या यायच्या बंद झाल्या. उस्तादाने मला काय केलं तर शेजारच्या वायरमनकडे पाठवलं, दोन वर्षं अर्धा दिवस तिकडे, रिले, फ्यूज, सर्किट, मीटर. तेव्हा मला वाटलं मला हाकलतोय. आज माझ्या गॅरेजचं निम्मं काम त्या दोन वर्षांवर चालतं. नंतर कॉमन रेल डिझेल आलं, २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे कडक नियम आले, प्रत्येक वेळी लोक म्हणाले आता संपलं.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल, प्लग, क्लच, सायलेन्सर नाही, म्हणजे गॅरेजचं ते उत्पन्न कमी होणार हे खरंच आहे, मी गोड बोलणार नाही. पण सस्पेन्शन आहे, ब्रेक आहे, स्टेअरिंग आहे, एसी आहे, बॅटरीचं कूलिंग आहे, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे जी उतरली की लाखोंची गाडी जागची हलत नाही, आणि वायरिंग तर आहेच आहे. फक्त नारिंगी रंगाच्या केबलला ट्रेनिंगशिवाय हात लावायचा नाही. तिथे तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतं, तिथे 'बघू तरी' नाही. त्यासाठी वेगळे हातमोजे, वेगळी पद्धत, आधी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढून ठरलेला वेळ थांबायचं, मग मोजून खात्री करायची. आयटीआयमधे इलेक्ट्रिक वाहनांचा ट्रेड पण आलाय, तुझ्या जवळच्या ठिकाणी आहे का ते चौकशी कर. आणि रस्त्यावर आज ज्या पेट्रोल, सीएनजी गाड्या आहेत त्या उद्या सकाळी गायब होणार नाहीत, दहा-पंधरा वर्षं त्यांना कोणीतरी लागणारच. तू २३ चा आहेस म्हणून म्हणतो, इंजिन शीक पण वीज त्याच्या आधी शीक.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे नव्हती आणि तू तिला कमीपणा समजतोयस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. बीकॉम. अरे, माझ्या ओळखीतली जी गॅरेजं बंद पडली ती काम येत नव्हतं म्हणून नाही पडली, उधारीने पडली. गाडी दिली, 'शेठ पुढच्या आठवड्यात देतो', स्पेअर पार्टवाल्याचे पैसे अंगावर, कोणती गाडी किती वेळ उभी होती याचा हिशोब नाही, मजुरी तोंडाला येईल ती. मी स्वतः पहिली तीन वर्षं तसाच होतो, दिवसभर काम आणि महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा, मग बायको वही घेऊन बसली तेव्हा कळलं की क्लचच्या कामात मी दर वेळी घाट्यात जातोय. जॉब कार्ड लिहिणारा, एस्टिमेट आधी देणारा, जुन्या गाडीची मागची नोंद काढून दाखवणारा मेकॅनिक असेल तर त्याला गिऱ्हाईक सोडत नाही.

शरीराचं पण सांगायला पाहिजे. चाळिशीत कंबर बोलायला लागते, लिफ्ट नसेल तर आधीच. थंडीत सकाळी सातला धायरीत गार लोखंड हातात धरायची मजा काही औरच असते म्हणा. हातमोजे वापर, जुनी माणसं हसतील, हसू दे. अंगठी, कडं काढून ठेव, माझ्या बोटावर अजून गोल डाग आहे, पाना आणि अंगठी मिळून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बॉडीला लागले होते, सेकंदात अंगठी लाल. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, खंबाटकी चढून तापलेल्या गाडीचं तर नाहीच.

तर एवढं धरून तुला माझा सल्ला असा. नोकरी आत्ता सोडू नको. सहा महिने रविवारी कुठल्यातरी बऱ्या गॅरेजात जा, बरीच गॅरेजं रविवारी चालू असतात कारण गिऱ्हाईकाला तेव्हाच सुट्टी असते. पैसे मागू नको, काम माग. सहा महिन्यांत साधारण २५ रविवार होतात, त्यातले पंधरा गेल्यावर पण तुला शनिवारी रात्री उद्याची ओढ वाटत असेल तर मग घरच्यांशी बोलून ठरव. पंधरात कंटाळलास तरी तोटा नाही, बाबांच्या गाडीचं काम तरी येईल. पुढे घरचं जमत असेल तर आयटीआय आणि सुट्टीच्या दिवशी तेच गॅरेज, हे दोन्ही एकत्र सगळ्यात उत्तम. दोन वर्षं बिनपगारी जमणार नसतील तर सरळ गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटर, आणि थिअरी रात्री घरी. स्वतंत्रपणे गाडी घेऊन बरी मजुरी कमवायला माझ्या अनुभवात तीन ते चार वर्षं लागतात, स्वतःचं गॅरेज टाकायला त्याहून जास्त. तुझा १८ हजाराचा पगार परत दिसायला दोन वर्षं धरून चाल.

त्या ६० हजारातले दहा-बारा हजार काढ. फिक्स आणि रिंग पान्यांचा सेट, अर्धा इंची गोटी सेट, बरा मल्टीमीटर, एक टॉर्क रेंच, दोन स्टँड. बोहरी आळीत सगळं मिळतं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुनी हत्यारं स्वस्तात मिळतात, पण घासाघीस करता आली पाहिजे आणि गोटीचे कोपरे झिजलेत का बघता आलं पाहिजे, झिजलेली गोटी बोल्टचं डोकं गोल करते. एखादा शनिवार नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांसमोर काढ, तिथल्या काउंटरवरच्या माणसाला कोणत्या गाडीचा कुठला पार्ट कुठल्या गाडीला बसतो ते तोंडपाठ असतं, आणि असली-नकली बेअरिंग शेजारी शेजारी ठेवून बघायला तिथेच मिळेल. उरलेले पैसे बँकेत राहू दे.

आता वॅगनआर. तू लिहिलंयस वळताना पुढून कट कट आवाज येतो आणि एक जण म्हणाला दोन्ही शॉकअप बदला, सात हजार. बदलू नको अजून. आधी गाडी उभी ठेव, इंजिन चालू, बाबांना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग आणि तू बाहेर उभा राहून बोनेटखाली शॉकअपच्या वरच्या माउंटवर हात ठेव, स्प्रिंगमधे बोटं घालू नको. हाताला झटका आणि 'टंग' असा आवाज आला तर वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. तिथे काही नसेल तर मोकळ्या मैदानात फुल कट मारून पहिल्या गिअरवर हळूहळू रेस देत गोल फिरव, आधी डावीकडे मग उजवीकडे. रेस दिल्यावर कट-कट-कट वाढत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), आणि मग चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघ, रबरी बूट फाटून आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. तिसरं, सरळ रस्त्यावर बारीक खड्ड्यांतून वीसच्या स्पीडने ने, तिथे पण वाजत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश. तिन्ही करून एका कागदावर लिही, कुठे वाजलं, कुठे नाही, कुठल्या बाजूला जास्त, आणि ते इथे टाक. मग पुढे काय खोलायचं ते बोलू.